किमान

सकाळचे सात. वेधशाळेच्या तारकुंपणावर
दहिवर, गोठू की नको अशा बेतात.
पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडून
मी श्वास धरून वाकतो.
काचेवर वाफ गेली की आकडा फसवतो,
हे मदारचाचांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.
आडव्या नळीत ती इवलीशी काडी
रात्री जिथवर घसरली, तिथंच पडून आहे.
पाच पॉइंट चार.

वहीत लिहिलं. पेन्सिलीला थंडीचं काही नसतं.
आता सव्वासातच्या आत ग्रुपवर टाकायचं,
नाहीतर साहेबांचं प्रश्नचिन्ह येतं.
नुसतं प्रश्नचिन्ह, पुढंमागं अक्षर नाही.

आणि फोन ढिम्म.
पॅटर्न काढतो: दोन ठिपके लागतात,
तिसऱ्यावर बोट सरकतं
जसं परक्याच्या दारावरून.
पँटीवर घासलं. फुंकर मारली.
ओल्या बल्बच्या मलमलीचा उरलेला तुकडा
खिशात होता, त्यानं दहिवर पुसलं.
जिभेला बोट लावून पाहिलं, नोटा मोजतात तसं.
काच काही ओळख देईना.

स्टेशन रोडचा अफरोज दुकानात म्हणाला होता,
"फोनला काही झालं नाही, मुंजाजी.
माणसाच्या बोटात थोडी वीज असते,
काच तेवढीच ओळखते.
तुमची बोटं म्हणजे तुराट्या झाल्यात.
हिवाळाभर व्हॅसलीन लावा, नाहीतर हातमोजे घाला,"
आणि नव्या काचेचे पन्नास रुपये
घेतलेच.

सात वाजून नऊ.
शेवटी स्वेटर वर केला, शर्टाचं बटण काढलं
आणि फोन काखेत धरला.
बर्फाची लादी बरगडीला लागली तसा
मायला, असा शब्द आपसूक निघाला.
हात घट्ट दाबून उभा राहिलो,
लेकराचा ताप बघताना धरतो तसा,
मनात साठ मोजत.
पलीकडच्या गव्हात टिटवी ओरडायली.
पळायला आलेलं होस्टेलचं एक पोरगं थांबलं:
"काका, छातीत कळ आली का?"
"नाही बाबा. ह्याला ताप आणायलोय."
ते हसलं नाही. मागं बघत बघत पळालं.

एकोणसाठ. साठ.
काखेतनं काढला तर काच उबदार,
आणि मघाचा एकेक अडलेला स्पर्श
जसा दाराशी गर्दी करून उभा होता.
पडदा उघडला, कॅल्क्युलेटर आला, गेला,
नावं सरसर वर पळाली,
मी थांब थांब म्हणतोय तोवर
फोन लागलासुद्धा.
मदारचाचा.

तीन वर्षं झाली त्यांना निवृत्त होऊन.
निरोपाच्या पेढ्याचा कागद हातात असताना
म्हणालो होतो, येत जाईन.
मग चाची गेल्याचं दोन महिन्यांनी कळलं,
आणि उशीर एवढा झाला
की त्याची लाज वाटून आणखी उशीर केला.
कापायला अंगठा नेला. काच पुन्हा ढिम्म.
पलीकडं अर्ध्या रिंगला उचलला.

सलाम नाही, कोण नाही, कसा आहेस नाही.
"कितना आया?"
"पाच पॉइंट चार."
"नजर रेषेत होती?"
"होती."
"श्वास?"
"धरला होता."
जरा वेळ नुसता स्टोव्हचा आवाज.
"माझा गुडघा पाच पॉइंट पाच सांगायलाय," म्हणाले,
"म्हातारा झाला, चुकतो थोडा."
मला काहीतरी बोलायचं होतं,
चाचींचं, पेढ्यांचं, त्या दोन महिन्यांचं.
"चाचा, इथं लई थंडी हाय," एवढंच आलं.
"हां," ते म्हणाले. "काडी सोडलीस का?"

राहिलीच होती.
फोन खांद्यानं कानाशी धरून
दोन्ही हातांनी नळी हलकी कलती केली.
रात्रीचा तळ धरून बसलेली काडी
जरा अडली, मग हळूहळू सरकत
आत्ताच्या थंडीपाशी येऊन टेकली.
"सोडली," म्हणालो.
"मग बोल आता," ते म्हणाले.

कानाशी फोन थरथरला. सात एकोणीस.
साहेबांचं प्रश्नचिन्ह असणार.
असू दे.